रांगेतली जागा

“क्लॅरेन्स, आता काही माझ्याच्यानं निभत नाही रे,” मिस ओडेसा पुटपुटल्या. रांगेत त्यांच्या पुढेमागे माणसंच माणसं होती, पण ते वाक्य ऐकलं फक्त मी. मी रस्त्याच्या पलीकडे आमच्या व्हॅनजवळ कानाला हेडफोन लावून उभी होते, आणि मिस ओडेसांच्या कोटाच्या कॉलरला मीच सकाळी छोटा माइक टाचला होता.

क्लॅरेन्स म्हणजे त्यांचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या त्याच्याशी बोलतात हे मला महिनाभर त्यांचा आवाज टिपताना कळलं होतं. भाजी चिरताना, चप्पल शोधताना, चर्चची पायरी चढताना त्या त्याला काहीबाही सांगत. पण त्या दिवशीचा सूर वेगळा होता. थोड्या वेळानं पुन्हा आवाज आला, “इथंच काही झालं ना, तर मी या लोकांना पुन्हा तोंड दाखवणार नाही. त्यापेक्षा घरी जाते.”

मग माझ्या लक्षात आलं. ऐंशी वर्षांची बाई सकाळपासून रांगेत उभी होती. तिला बाथरूमला जायचं होतं.

ही गोष्ट आहे अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या एका राज्यातली. मी तेव्हा माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करायचे. आमची दिग्दर्शिका टमारा बीडल मतदानाच्या हक्कावर फिल्म करत होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधली मतदान केंद्रं कशी एकेक करून बंद होतात, नावं यादीतून कशी गळतात, आणि मग लोक कंटाळून मतदानालाच जाईनासे कसे होतात, हा तिचा विषय. मिस ओडेसा प्रुइट ज्या वस्तीत राहायच्या तिथलं केंद्र पूर्वी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये असायचं. घरातून निघालं की गल्लीच्या टोकाला चर्च. ते केंद्र ‘खर्च वाचवण्यासाठी’ बंद झालं होतं. आता सगळ्या वस्त्यांना मिळून गावातली एक जुनी फायर स्टेशनची इमारत दिली होती. तिथे मोजकीच यंत्रं, आणि इमारतीला वळसा घालून, पार्किंग ओलांडून, पार रस्त्यापर्यंत आलेली रांग.

आमच्याबरोबर त्या दिवशी एक जास्तीचा माणूस होता. माझे सासरे.

बाबा परतवाड्याहून आम्हाला भेटायला आले होते. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले होते. हेमंत, माझा नवरा, नेमका त्या आठवड्यात कामासाठी दुसऱ्या शहरात गेला. बाबांना अपार्टमेंटमध्ये एकटं ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्यांनीच विषय संपवला.

“घरी एकटा बसून काय करू? भिंती पाहू?” ते म्हणाले. “तुही इलेक्शन ड्यूटीच आहे ना? मंग मी येतो. उभ्या जन्मात एकही इलेक्शन चुकलं नाही माझं.”

ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मेळघाटातल्या पाड्यांवर मतपेट्या घेऊन किती वेळा गेले असतील, त्याची गणती नाही. मी त्यांना घेऊन गेले, पण गाडीत बसवतानाच बजावलं होतं. “बाबा, व्हॅनमधून उतरायचं नाही. कोणाशी बोलायचं नाही. इथे मतदान केंद्राजवळ परदेशी माणूस दिसला की लोक बिथरतात. तुम्ही व्हिसावर आलेले, माझा नागरिकत्वाचा अर्ज अजून सरकारदरबारी पडलेला. काही वेडंवाकडं झालं तर सगळंच अडकेल.”

“अवं, मी काय बूथ लुटून राह्यलो का?” ते म्हणाले होते. पण मान हलवली होती.

खरं तर ते आणि मिस ओडेसा सकाळीच एकमेकांना भेटले होते. मी मिस ओडेसांना माइक लावत होते तेव्हा बाबा व्हॅनच्या खिडकीतून नमस्कार करत म्हणाले, “गुड मॉर्निंग, मॅडम.” मिस ओडेसांनी विचारलं, हे कोण? मी सांगितलं. त्यांनी मला विचारायला लावलं, “तुमच्याकडे मत द्यायला किती लांब जावं लागतं?”

मी बाबांना मराठीत विचारलं. बाबा म्हणाले, “सांग त्यांना, साधारण दोन किलोमीटरच्या आत केंद्र पाहिजे असा नेम आहे. अन् पाडा डोंगरावर असला तर आम्हीच चढून जायचो. एकदा तर बैलगाडी चिखलात फसली अन् पेटी डोक्यावर घेऊन गेलो.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. मिस ओडेसांनी बाबांकडे नीट निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, “म्हणजे पेटी माणसाकडे जाते?” आणि त्या इतक्या मोकळेपणानं हसल्या की मला हेडफोनचा आवाज कमी करावा लागला.

आता तो आवाज कसनुसा झाला होता.

मी टमाराकडे पाहिलं. ती आमच्या कॅमेरामन जोनासच्या शेजारी उभी होती. जोनासनं लांब भिंगाचा कॅमेरा रांगेवर लावलेला. टमाराचा एकच नियम होता. आपण बघायचं, ऐकायचं, मध्ये हात घालायचा नाही. तुम्ही मदत केलीत की ती तुमची फिल्म होते, त्यांची गोष्ट उरत नाही, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत आली होती. आणि एरवी मला ते पटायचंही.

“टमारा,” मी म्हटलं, “मिस ओडेसा रांग सोडून घरी जाणार आहेत.”

तिनं झटकन वळून पाहिलं. “का? कोणी काही बोललं?”

“नाही. त्यांना बाथरूमला जायचंय.”

टमारानं इमारतीच्या दाराकडे पाहिलं. आत इमारतीत बाथरूम होतं, पण त्यावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी होती. रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप होता, पण मिस ओडेसांच्या काठीच्या चालीनं तिथे जाऊन यायचं म्हणजे चांगलाच वेळ. आणि रांगेवर देखरेख करणाऱ्या माणसानं सकाळीच ओरडून सांगितलं होतं की रांग सोडली तर शेवटी उभं राहावं लागेल, कोणी कोणासाठी जागा राखायची नाही. एक म्हातारा नुसती गाडी नीट लावायला गेला तर त्याला खरंच शेवटी पाठवलं होतं. पुढचामागचा माणूस कितीही म्हणो, जागा रिकामी दिसली की गेली. त्या राज्यात रांगेतल्या माणसाला पाण्याची बाटली द्यायलासुद्धा बंदी होती, तिथे बाथरूमची काय कथा.

“आपण जवळ गेलो तर चित्रीकरणाची परवानगी रद्द करतील,” टमारा म्हणाली. “मला त्या माणसानं दोनदा बजावलंय.”

“तुझा चेहरा त्याच्या लक्षात आहे. माझा नाही.” मी हेडफोन काढून गळ्यातलं ओळखपत्र उतरवलं. “मी त्यांना घेऊन जाते.”

“आणि आवाज?”

“आवाज बंद.”

टमारानं माझ्याकडे पाहिलं. सहा महिने तिनं या एका दिवसाची वाट पाहिली होती. फिल्मचा शेवट याच रांगेवर होणार होता. तिनं ओठ आवळले, आणि मग हळूच म्हणाली, “जा.”

मी यंत्राचं बटण बंद केलं आणि वळले, तर बाबा व्हॅनचं दार उघडून खाली उतरलेले.

“काय झालं, शलाका? त्या बाईले बरं नाही का?”

मी घाईघाईनं सांगितलं. ऐकता ऐकताच ते स्वेटरची बटणं लावायला लागले.

“बाबा, तुम्ही कुठे निघालात?”

“तू तिले घेऊन जा. मी तिच्या जागेवर उभा राह्यतो.”

“अहो, तुम्ही नाही! तुम्ही इथले नाही. सकाळी काय सांगितलं मी तुम्हाला?”

“मत कोण देऊन राह्यलं? नुसतं उभंच राह्याचं आहे ना? ते तर कोणालेही जमते.”

आणि ते चालायला लागलेसुद्धा. त्यांना तिथे रस्त्यात अडवून वाद घालायचा म्हणजे सगळ्या रांगेचं लक्ष वेधायचं. मी त्यांच्या मागे गेले.

मिस ओडेसांनी आम्हाला येताना पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग लाज, आणि मग सुटकेचा भाव. त्यांच्यामागे मिस्टर टॉलिव्हर उभे होते, त्यांच्याच वस्तीतले. लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले, चर्चच्या गायकवृंदात खर्जातला सूर लावणारे, चांगले आडव्या बांध्याचे. त्यांनी काहीही न विचारता थोडं मागं सरकून बाबांना जागा करून दिली.

बाबा मिस ओडेसांना म्हणाले, “मॅडम, गो. आय स्टँडिंग.” आणि मग माझ्याकडे वळून, “तिले सांग, येईपर्यंत हलत नाही म्हणा.”

मी सांगितलं. मिस ओडेसांनी त्यांचा दंड जरासा दाबला, माझ्या हाताचा आधार घेतला आणि आम्ही निघालो.

रस्ता ओलांडेपर्यंत त्यांचं सगळं लक्ष काठीकडे होतं. पंपावर बाथरूमची किल्ली मागावी लागे. ती हरवू नये म्हणून तिला हातभर लांबीचा लाकडी चमचा बांधलेला होता. तो चमचा एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन त्या आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा निवळलेला होता. त्यांनी टोपी सारखी केली.

“तुला सगळं ऐकू येतं ना त्या माइकमधून?” त्यांनी विचारलं.

“येतं. पण आता बंद केलाय.”

“क्लॅरेन्सशी बोलते तेही?”

“तेही.”

“हं. मग तुला ठाऊकच असेल, तो कधी उत्तर देत नाही.” आम्ही दोघी हसलो. मग त्या थांबल्या. चालता चालता बोलणं त्यांना झेपत नव्हतं, म्हणून त्या दर थोड्या पावलांनी थांबून बोलत होत्या.

“माझे वडील मतदार म्हणून नाव नोंदवायला जायचे,” त्या म्हणाल्या. “दरवेळी चांगला शर्ट घालून जायचे. तिथला कारकून त्यांना राज्यघटनेतला एक परिच्छेद वाचायला लावायचा आणि अर्थ विचारायचा. अर्थ कितीही बरोबर सांगितला तरी तो म्हणायचा, चूक. मग वडील घरी यायचे, शर्ट काढून घडी घालून ठेवायचे. आईनं कधी विचारलं नाही, काय झालं म्हणून. शर्टाची घडी बघूनच तिला कळायचं.” पुढे चार पावलं टाकून त्या पुन्हा थांबल्या. “असल्या परीक्षा बंद करणारा कायदा झाला आणि मी आणि क्लॅरेन्स पहिल्यांदा मत द्यायला गेलो तेव्हा आमचं नुकतंच लग्न झालं होतं. माझ्याकडे एकच चांगला बुटांचा जोड होता, लग्नातला. पांढरा. मी तो घालून गेले. चिखल होता. क्लॅरेन्स म्हणाला, बूट खराब होतील. मी म्हटलं, होऊ देत.”

“मग मघाशी घरी का निघाला होतात?” मला राहवलं नाही.

त्या रांगेकडे पाहत राहिल्या. “माझ्यामागे एवढी माणसं उभी होती. निम्मी तर मलाच बघून आली होती. आपण म्हाताऱ्या झालोय हे त्यांना असं कळू द्यायचं नव्हतं गं, पोरी. एवढंच.”

आम्ही परत पोचलो तेव्हा रांग बरीच पुढे सरकली होती. इमारतीच्या दारापासून बाबा आता फार लांब नव्हते. पण मला दुरूनच काहीतरी बदललेलं दिसलं. मिस्टर टॉलिव्हर आणि पुढचीमागची सगळी माणसं बाबांच्या भोवती जरा जवळ जवळ उभी होती. आणि त्यांच्या अगदी शेजारी एक तरणा पोलीस हाताची घडी घालून उभा होता.

मी मिस ओडेसांना जवळजवळ ओढतच नेलं.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही. आल्या का मॅडम? या, या.” बाबा एक पाऊल बाजूला झाले, रिकाम्या जागेकडे हात दाखवून किंचित वाकले. “युवर प्लेस, मॅडम.”

मिस ओडेसा आपल्या जागी उभ्या राहिल्या. पोलिसानं बाबांना हातानं खूण केली, आता चला. त्याच्या चेहऱ्यावर धमकी नव्हती. मिस्टर टॉलिव्हर खर्जात हसत होते. मी बाबांचा हात धरून त्यांना व्हॅनकडे घेऊन आले, आणि त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती एका दमात अर्धी संपवली.

“बाबा, तो पोलीस काय म्हणत होता?”

“थंडी लय आहे म्हणे.”

“खरं सांगा.”

“कुठून आले म्हणून विचारत होता. सांगितलं मी. तू तुहं काम कर.”

काम खरंच होतं. मिस ओडेसा दारात पोचल्या होत्या. मी हेडफोन चढवले, माइक चालू केला. आतल्या बाईनं नाव विचारलं, आणि मिस ओडेसांनी ते अक्षर अक्षर सांगितलं. मग माझ्या कानात नुसता कागदांचा आवाज. त्यांचं नाव आदल्या वर्षी यादीतून गेलं होतं, आणि चर्चच्या बायकांनी उन्हाळाभर खटपट करून ते पुन्हा घालून घेतलं होतं. पण ते खरंच लागलंय की नाही, हे त्या क्षणापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतं. टमारानं माझा खांदा घट्ट धरला होता.

“हं,” आतली बाई म्हणाली. “प्रुइट. आहे. इथे सही करा.”

टमाराला ऐकू जाणं शक्यच नव्हतं, पण माझा चेहरा बघूनच तिनं माझा खांदा सोडला आणि पाठमोरी होऊन डोळे पुसले.

मिस ओडेसा बाहेर आल्या त्या कोटावर ‘मी मतदान केलं’ असा गोल कागद चिकटवून. “क्लॅरेन्स,” मला हेडफोनमध्ये ऐकू आलं, “चल, भूक लागली.”

त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या घरी जेवलो. बाबांना त्यांची मक्याची भाकरी फार आवडली. ताटातला चुरासुद्धा त्यांनी टिपून खाल्ला आणि आमच्याकडची ज्वारीची कशी करतात ते हातानं थापून दाखवलं. मी त्या गडबडीत मघाचा विषय पुन्हा काढला नाही. हेमंत परत आला, बाबा थंडी वाढायच्या आत परतवाड्याला गेले, आणि पुढच्या वर्षी माझा अर्जही सुरळीत मंजूर झाला.

फिल्म पूर्ण व्हायला वेळ लागला. संकलन करताना टमारानं मला एक दिवस बोलावून घेतलं. “हे बघ,” ती म्हणाली. जोनासनं आम्ही पंपावर गेलो होतो तेव्हाही कॅमेरा बंद केला नव्हता. पडद्यावर बाबा रांगेत उभे होते. गळ्यात एका पक्षाच्या निरीक्षकाचं कार्ड अडकवलेला एक माणूस त्यांच्याजवळ आला, बोट रोखून काहीतरी ओरडला, मोबाइल काढून त्यांच्या तोंडासमोर धरला. मग पोलीस आला. त्यानं बाबांना रांगेबाहेर यायची खूण केली. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. पोलिसानं पुन्हा खूण केली. बाबांनी पुन्हा नाही म्हटलं. मग बाबांनी खिशातून काहीतरी पांढरं काढलं, हातवारे करत काहीतरी सांगितलं, आणि आजूबाजूची सगळी माणसं हसायला लागली. आवाज मात्र काहीच नाही, कारण माइक मिस ओडेसांच्या कॉलरला होता, आणि आवाज बंद करून मी त्यांच्याबरोबर निघून गेले होते.

मी बाबांना फोन लावला. “काय म्हणालात तुम्ही त्याला?”

“आता मले कुठून आठवणार?” ते म्हणाले, आणि विषय आंब्याच्या मोहराकडे गेला.

टमारानं मिस्टर टॉलिव्हरना विचारलं. ते म्हणाले, “आधी सिनेमा दाखवा. मग सांगतो.”

तेव्हा टमारानं तो तुकडा फिल्ममध्ये तसाच ठेवला, मुका. ती म्हणाली, “असू दे. लोकांना बघू दे.”

फिल्म सगळ्यात आधी मिस ओडेसांच्या चर्चच्या हॉलमध्ये दाखवायची असं तिनं कबूल केलं होतं, आणि ते तिनं पाळलं. तोवर वस्तीतल्या लोकांनी अर्जविनंत्या करून, सभांमधून भांडून ते मतदान केंद्र पुन्हा त्या हॉलमध्ये आणलं होतं. भिंतीवर तसा कागदही लागला होता. संध्याकाळी हॉल भरला. मिस ओडेसा पहिल्या ओळीत, मांडीवर पर्स घेऊन. मी मागे आवाजाच्या यंत्रापाशी.

तो तुकडा आला. पडद्यावर बाबा दिसले तशी हॉलमध्ये कुजबुज झाली. निरीक्षकानं बोट रोखलं. आणि अचानक अंधारातून मिस्टर टॉलिव्हरांचा खर्ज घुमला. “हा माणूस या देशाचा नागरिक नाही! हा मत द्यायला घुसलाय!”

मी दचकले. टमारानं माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर पोलीस आला, तशी दुसऱ्या कोपऱ्यातून एका बाईनं त्याचा आवाज काढला. “सर, तुम्ही मतदार आहात का?”

“नो,” मिस्टर टॉलिव्हर बाबांच्या जागी बोलले. त्यांनी आवाज बारीक केला, आणि मला माझ्या सासऱ्यांचं इंग्रजी जसंच्या तसं ऐकू आलं. “आय नॉट व्होटर. मॅडम व्होटर. मॅडम कमिंग.”

“मग रांगेबाहेर या. नाही तर मला तुम्हाला घेऊन जावं लागेल.”

“यू टेक. नो प्रॉब्लेम. बट आफ्टर मॅडम कमिंग.”

हॉलमध्ये हशा उसळला. आता ज्यांना ज्यांना आठवत होतं ते सगळेच बोलत होते. पडद्यावर बाबांनी खिशातून ती पांढरी वस्तू काढली. त्यांचा रुमाल होता तो. आणि मिस्टर टॉलिव्हर उभे राहून, स्वतःचा रुमाल काढून, पडद्यावरच्या बाबांच्या हाताबरोबर आपला हात हलवत म्हणाले, “माय कंट्री, बस. व्हेरी क्राउड. वी पुट हँकी फ्रॉम विंडो. ऑन सीट. नोबडी सिट, नोबडी टच. एव्हरीबडी नो, समबडी कमिंग. टुडे, आय ॲम हँकी. मॅडम्स हँकी.”

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आमचे बाबा. मला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही आलं. त्यांना जबरदस्तीनं घेऊन गेले असते. त्यांना परत पाठवलं असतं, पुन्हा कधी येऊ दिलं नसतं. मी सकाळी दिलेली तंबी त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होती.

पडद्यावर पोलीस क्षणभर बाबांकडे बघत राहिला. मग त्यानं निरीक्षकाला मोबाइल खाली घ्यायला लावला, त्याला बाजूला पाठवलं, आणि हाताची घडी घालून बाबांच्या शेजारी उभा राहिला. हॉलमध्ये कोणीतरी त्याचं वाक्य म्हटलं, “ठीक आहे. बाई येईपर्यंत. मीही थांबतो.”

फिल्म संपली. दिवे लागल्यावर मिस ओडेसांनी मागे वळून मला हाक मारली. “तो रुमाल आत्ता जागा असेल का?”

तिकडे पहाट झाली होती, आणि बाबांना पहाटे उठायची सवय. मी फोन लावला, आवाज मोठा केला.

“बाबा, मी चर्चमधून बोलतेय. फिल्म पाहिली सगळ्यांनी. तुम्ही त्या पोलिसाला काय म्हणालात ते मला आत्ता कळलं.”

पलीकडे चहाच्या भांड्याचा आवाज झाला. “सांगितलं का त्या टोलीवारनं? पक्का आहे तो.”

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुले सांगून कायले घाबरवू? मीच लय भेलो होतो.”

“मग निघून का नाही आलात?”

त्यांनी चहा कपात ओतल्याचा आवाज आला. बहुधा विचार करत होते की यात विचारण्यासारखं काय आहे.

“त्या मॅडमले म्हटलं होतं ना मी, हलत नाही म्हणून,” ते म्हणाले.

मी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. मग मिस ओडेसांनी काठी टेकली आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मिस्टर टॉलिव्हर उभे राहिले. एकेक करत अख्खा हॉल उभा राहिला, आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेनात.

“काय झालं वं? कायचा आवाज आहे?” बाबा फोनवर ओरडले.

“बाबा, तुमच्यासाठी सगळे उभे राहिलेत.”

“उभे कायले राह्यले?” ते म्हणाले. “म्हातारे माणसं आहेत ते. बसव त्यांना. लय उभे राह्यले ते.”